आपुला ठावो न सांडितां

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, वय 52. सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. मिस्टर सकाळी सातच्या लोकलनं जातात ते रात्री साडेआठला येतात. मुलगा बंगळुरूला, नणंद नाशिकला. दिवसभर घरात आम्ही दोघीच. औषधांच्या वेळा, डायपर, मऊ भात, पुन्हा औषधं. कुठला महिना चालू आहे हे मला विजेच्या बिलावरून कळतं.

माझे वडील चातुर्मासात रोज ज्ञानेश्वरी वाचायचे. त्यांची पोथी आता माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी सात दिवसांचं पारायण धरलं, ते चौथ्या दिवशी मोडलं. तेव्हापासून पोथीला हात लावायची लाज वाटते. हरिपाठ म्हणते, पण ओठ हलतात आणि मन कुकरच्या शिट्ट्या मोजत असतं. श्रावणात मात्र एक झालं. संध्याकाळी पाऊस थांबला आणि समोरच्या इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर पिवळं ऊन पडलं. शाळेतली ओळ आपसूक तोंडात आली, 'तरुशिखरांवर उंच घरांवर पिवळे पिवळे ऊन पडे'. ग्रिलला धरून मी खूप रडले. वर्षभराच्या पूजेनं जे झालं नाही, ते त्या एका ओळीनं झालं. देवाच्या नावापेक्षा कवितेत जीव विरघळतो, हे चुकतंय का? मला कवितेतलं फारसं कळत नाही. पण असं काही वर्षभर पुरेल का?

सासूबाई यावलकडच्या. जन्मभर कापसाच्या शेतात राबल्या. आता बाकी काही आठवत नाही, पण दिवसातून दहा वेळा विचारतात, "पाणी आलं का?" त्यांच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात. एप्रिलमध्येही तेच. कधीकधी मी ओरडते, आणि मग रात्री झोप लागत नाही. तीन दिवाळ्या माहेरी गेलेले नाही.

एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुमचं काहीही चुकत नाहीये. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

ज्या ओळीनं तुम्हाला रडवलं तिच्याकडेच आधी जाऊ. 'श्रावणमासी हर्ष मानसी' आपण सगळ्यांनीच शाळेत बाकावर ठेका धरून म्हटली आहे. त्या ठेक्यात तिच्यातलं बरंच काही निसटून जातं. तुमच्या ओळीच्या आधी काय आहे, आठवतं? 'झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे'. यातला 'तो' म्हणजे 'तेवढ्यात'. दिवस बुडाला असं आपण धरून चाललेलो असतो आणि तेवढ्यात उघडतं. ऊनही सगळीकडे पडत नाही, झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर तेवढं पडतं. खाली झाकोळलेलंच असतं. तुम्ही खाली ग्रिलशी उभ्या होतात, तीन वर्षं सूर्यास्तच झालाय असं धरून. कवितेतलं कळत नाही म्हणता, पण ही ओळ याहून जास्त कुणाला कळायची?

देवाचं म्हणाल तर या कवितेत देव अगदी शेवटी येतो, तोही लांबून. बायका देवदर्शनाला निघाल्या आहेत. कवी त्यांच्याबरोबर देवळात शिरत नाही, वाटेवरच थांबतो आणि म्हणतो, 'वदनी त्यांच्या वाचुनि घ्यावे श्रावण महिन्याचे गीत'. वाचायचं ते त्या बायकांच्या चेहऱ्यावर. बालकवी तुमच्या सासूबाईंच्याच मुलखातले. 1890 साली धरणगावला जन्मले आणि 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. पुरती अठ्ठावीस वर्षंही वाट्याला आली नाहीत. इतक्या थोड्या आयुष्यात या माणसानं ऊन, झरा, फुलं यांच्याकडे असं पाहिलं की शंभर वर्षांनी डोंबिवलीच्या एका इमारतीवर ते ऊन तुम्हाला ओळखू आलं. मला हे पूजेहून कमी वाटत नाही.

आता पोथीचं. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत. तुमचे वडील चार महिन्यांत वाचायचे, म्हणजे रोजच्या साधारण पंच्याहत्तर. तुम्ही सात दिवस धरलेत, म्हणजे रोजच्या जवळजवळ तेराशे. दर वीस मिनिटांनी उठावं लागणाऱ्या बाईनं! जे होण्यासारखंच नव्हतं ते मोडलं, त्यात लाज कसली?

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा आश्विन लागलेला असेल. पोथी काढा. पहिला अध्याय, छप्पन्न ते साठ, फक्त पाच ओव्या. प्रतीप्रमाणे आकडा एखाद्यानं मागेपुढे होईल. सुरुवात आहे 'जैसे शारदीचिये चंद्रकळेमाजि अमृतकण कोंवळे' अशी. शरदातल्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं मऊ मनानं वेचतात, तशी ही कथा अनुभवावी, 'अतिहळुवारपण चित्ता आणूनियां'. वाचायचं कसं हे माउलींनी स्वतःच सांगून ठेवलंय, आणि त्यात तेराशेचा हिशेब कुठेच नाही. महिनाभर एवढंच वाचा. कोजागिरीच्या रात्री दिवे मालवून, खिडकीतून चंद्र दिसेल तेवढा बघत मोठ्यानं म्हणा. दिसला नाही तर त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर तरी असेलच.

या पाचांतली शेवटची ओवी मी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. 'कां आपुला ठावो न सांडितां, आलिंगिजे चंद्रु प्रगटतां, हा अनुरागु भोगितां, कुमुदिनी जाणे.' कुमुदिनी म्हणजे रात्री उमलणारं कमळ. तिचं मूळ तळ्याच्या चिखलात घट्ट रुतलेलं. चंद्र उगवला म्हणून तिला उठून त्याच्याकडे जाता येत नाही. ती जागच्या जागी उमलते, आणि माउली म्हणतात, तेवढ्यात तिचं चंद्राला आलिंगन होतं. आपला ठाव न सोडता. तुमचा ठाव म्हणजे सासूबाईंच्या पलंगाशेजारची खुर्ची. वारी, पारायण, देवळाची पायरी यांतलं काहीही सध्या तुम्हाला जमण्यासारखं नाही. ही ओवी लिहिणाऱ्यानं ते तुमच्याकडे मागितलेलंही नाही.

आश्विन संपता संपता दिवाळी. तेव्हासाठी तुकोबांचा 'भेटीलागीं जीवा लागलीसे आस'. भजनात शंभर वेळा ऐकला असेल. त्यातल्या या दोन ओळींवर थांबा, 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली, पाहतसे वाटुली पंढरीची'. लहानपणी मला यातला 'मुळा' कळायचा नाही. आजीनं सांगितलं तेव्हा कळला. तिचं सासर नीरेच्या एका काठाला, माहेर पलीकडे, फार तर सहा कोस. दसरा झाला की ती मुळाची वाट बघायला लागायची. मूळ म्हणजे लेकीला न्यायला माहेराहून येणारं माणूस, भाऊ नाहीतर घरचा गडी. मूळ आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन निघायचं नाही, अशी रीत. एका वर्षी मूळ यायला उशीर झाला. आजी दिवसातून दहा वेळा विहिरीवर जायला लागली. घरात पाणी भरलेलं असायचं. भरलेली घागर ती मागच्या दारी केळीच्या बुंध्यात ओतायची आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा निघायची, कारण विहिरीच्या कठड्याशी उभं राहिलं की गाडीवाट दिसायची. हे सांगताना सत्तरीतली आजी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरायची, जणू अजून ती वाट दिसतेय.

तुकोबांना देवाची ओढ सांगायची होती तेव्हा त्यांनी चकोर घेतला, भुकेलेलं तान्हं घेतलं आणि त्यांच्याच पंगतीत दिवाळीला माहेराकडे डोळे लावून बसलेली ही लेक बसवली. माहेरची ओढ देवाच्या ओढीहून हलकी असती तर ती इथे आली असती का? म्हणून तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात जड वाटली. तीन दिवाळ्या! यंदा नणंदबाईंना फोन करा. स्पष्ट सांगा की भाऊबिजेला चार दिवस तुम्ही इथे येऊन आईजवळ राहा, मला माझ्या घरी जायचंय. अजून वेळ आहे, त्यांना ठरवायला सवड मिळेल. लेकीनंही आईजवळ चार दिवस बसावं, तिलाही ते पुढे आयुष्यभर पुरेल. त्याहून बरं म्हणजे हे मिस्टरांनीच त्यांच्याशी बोलावं, सगळं ओझं तुमच्यावर नको.

मार्गशीर्षात बाजार हिरवागार असतो, तेव्हा भाजी निवडताना सावतोबा, म्हणजे संत सावता माळी. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी, लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी'. याला पोथी लागत नाही, पाट लागत नाही, मेथीची जुडी सोडताना म्हणायचं. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांना भेटायला त्यांच्या गावी, अरणला आला, असं परंपरा सांगते. कुमुदिनीची आठवण तुम्हाला इथेही येईल.

माघ-फाल्गुनात पानगळ. तुमच्या रस्त्यावर एखादं बदामाचं झाड असेल तर बघा, गळण्याआधी त्याची पानं लालभडक होतात. मर्ढेकरांनी लिहिलंय, 'शिशिरर्तुच्या पुनरागमें, एकेक पान गळावया, कां लागता मज येतसे, न कळे उगाच रडावया'. 'न कळे' हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. श्रावणातल्या त्या रडण्याचं कारण शोधत बसू नका. याच मर्ढेकरांची एक प्रार्थना आहे, ती मात्र ऋतूची वाट न बघता आजच कागदावर लिहून औषधांच्या वेळापत्रकाशेजारी लावा. 'भंगु दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनींचे'. आम्ल म्हणजे आंबटपणा, दूध नासवतो तो. ओरडून झाल्यावर रात्री जे पोटात ढवळत राहतं त्याला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. ही प्रार्थना करणारा माणूस आपण चांगले आहोत असा दावा करत नाही. आपण कठीण झालोय हे कबूल करून मग मागतो.

चैत्र-वैशाखात मोगरा. 'इवलेसें रोप लावियेलें द्वारीं, त्याचा वेलु गेला गगनावेरी' सगळ्यांच्या ओठांवर असतं. मला त्याच अभंगातली ही ओळ जास्त जवळची, 'फुलें वेचितां बहरु कळियांसी आला'. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून थंडीत त्याची छाटणी करतात. ज्यांच्या गॅलरीत कुंडी आहे त्यांना ठाऊक असतं. ओंजळभर फुलं आणा आणि वाटीत घालून सासूबाईंच्या उशाशी ठेवा. नावं विसरली तरी वास पुष्कळदा ओळखीचा लागतो.

आषाढाचं आधी सांगते, कारण ज्येष्ठावर मला सावकाश बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की हरिपाठ म्हणताना ओठ तेवढे हलतात. आषाढात आभाळ भरून आलं की माउलींची विराणी, म्हणजे विरहाचं गाणं, वाचा. 'घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा, भवतारकु हा कान्हा वेगीं भेटवा कां'. ढग आहेत, वारा आहे, चांदणं आहे, अंगाला चंदन आहे, आणि त्या चंदनानं अंग पोळतंय. सगळं हाताशी असून ज्याच्यासाठी ते मांडलं तोच नाही. हे कोण म्हणतंय? ज्यानं नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगितला तो. मन लागत नाही म्हणजे आपण नास्तिक झालो असं समजू नका. त्या न लागण्याचंही गाणं आपल्या संतांनी केलंय, आणि ते आपण देवापुढेच गातो.

आणि ज्येष्ठ. ज्येष्ठात बहिणाबाई, आणि त्या एकटीनं वाचायच्या नाहीत, सासूबाईंना ऐकवायच्या. बहिणाबाई चौधरी 1880 साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात, जात्यावर काम करताना ओव्या सुचायच्या त्या म्हणायच्या. मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. 1951 च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. त्यांची बोली म्हणजे यावल, रावेर, जळगाव या पट्ट्यातली, तुमच्या सासूबाईंच्या कानावर लहानपणापासून पडलेली. तुमची-माझी पुस्तकी मराठी त्यांना आता परकी वाटत असेल. 'धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली' ही ओळ त्यांच्या कानाशी हळू म्हणून बघा. उच्चार चुकले तर चुकू द्या, कदाचित त्याच दुरुस्त करतील.

त्या कवितेत पुढे कोंब वर येतो आणि बहिणाबाई म्हणतात, 'पर्गटले दोन पानं, जसे हात जोडीसन'. मातीतून पहिल्यांदा वर येणारी ती दोन पानं, हात जोडल्यासारखी. कपाशीचं रोप असंच येतं. सासूबाईंनी हे हजारो वेळा पाहिलेलं आहे, वाकून, मातीच्या जवळ जाऊन. याला ज्येष्ठाची वाट बघायची गरज नाही. एका पसरट डब्यात माती घ्या, मूठभर मेथीचे दाणे टाका, पाणी शिंपडा. चारेक दिवसांत दोन-दोन पानांची दाटी उठेल. तो डबा उचलून त्यांच्या हाताखाली ठेवा, बोटांना लागू द्या. मग ती ओळ म्हणा.

एक विनंती, याचं व्रत करू नका. एक महिना, एक कविता, जमलं तर. मार्गशीर्ष राहिला तर राहिला, त्याचं उद्यापन नको आणि हुरहूरही नको. ओळी हातानं लिहून काढा, मोठ्यानं म्हणा, अर्थ आपोआप येतो किंवा दोन वर्षांनी येतो.

आणि एक स्पष्ट सांगते. झोप न लागणं आठवड्यातले बरेच दिवस होत असेल, किंवा सगळंच नकोसं वाटत असेल, तर सासूबाईंना बघायला येणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, या वेळी स्वतःसाठी. आठवड्यातून दोन-तीन तास बसणारी एखादी बाई मिळते का ते पाहा. त्या वेळात नुसतं खाली उतरून चालून आलात तरी चालेल.

राहिला सासूबाईंचा तो 'पाणी आलं का?' हा प्रश्न. दिवसातून दहा वेळा, असं तुम्ही लिहिलंय. आजीच्या घागरीचं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या सासूबाईच होत्या. जन्मभर कापूस लावलेली बाई वाट बघते आहे. बाकीचं सगळं पुसलं गेलं, वाट बघणं तेवढं राहिलं. एप्रिलमध्ये विचारतात याचंही नवल नाही, कोरडवाहू शेतकरी तेव्हापासूनच आभाळाकडे बघायला लागतो. यापुढे त्यांनी विचारलं की एकदम 'नाही' म्हणू नका. खिडकीशी जा, बाहेर बघा आणि दिसेल ते सांगा. ढग आहेत, पण पांढरे आहेत. वारा पडलाय. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ऊन आहे. दहा वेळा जमणार नाही, दोनदा जमलं तरी दोघींचं मिळून दिवसातून दोनदा आभाळ बघून होईल.

आणि खरंच पाणी येईल त्या दिवशी ग्रिलमधून हात बाहेर काढा, चांगला ओला होऊ द्या आणि तसाच ओला हात त्यांच्या गालाला लावा.

तुमची,
ताई